सासूबाईंची पैठणी

"हिची पैठणी बोहारणीला दिलीस का?" पाडव्याच्या सकाळी पेटी उपसत माझे सासरे, सांडूआबा, माझ्यावर खेकसले. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गॅलरीत दरवर्षी सासूबाईंच्या पैठणीचीच गुढी उभी राहायची. त्यांना जाऊन वर्ष सरलं, म्हणून यंदा सण करायचा होता.

मला लई राग आला. सासूबाईंना शेवटचं नेसवायला ती पैठणी आबांनीच काढून दिली होती. पण सणाच्या दिवशी हे कोणत्या तोंडानं सांगू? मी माझा शालू पुढं केला.

त्यांनी धुसफुसत तो काठीला बांधला, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी लावली. शालूच्या निऱ्या सारख्या करता करता त्यांचा हात एकदम थांबला. मग दिवसभर ते गुढीखालीच बसून राहिले, जेवलेही नाहीत.

ऊन उतरलं. गुढी अंधाराच्या आत काढायची असते.

"आबा, उतरवू का?"

"राहू दे," ते म्हणाले. "अंधाराच्या आत न्यायचं म्हणून तिला लई घाईनं उचललं. पैठणीत नीट बघितलं बी नाय."