ब्रिएन्झच्या दारावरचा कागद

फिलोमेनाला घाटात गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून स्टिअरिंग कायम माझ्याकडे. बावीस वर्षं आम्ही दोघी लग्नांत, जत्रांत एकत्र वाजवत होतो. ती अकॉर्डियन, मी व्हायोलिन. त्या शनिवारी ब्रिएन्झला तळ्याकाठी लोकसंगीताचा मेळा होता. सकाळीच आम्ही गावातून निघालो.

ग्रिमसेलच्या खिंडीत तिनं गाडी थांबवायला लावली. जून असूनही कडेला बर्फ होता. तिनं राय धान्याचा काळपट पाव आणि सुकं मांस काढलं, मला कॉफी ओतून दिली.

"काय गं, आज एवढी खातिरदारी?"

"का, सोसत नाही का तुला?" ती हसली.

मग घाट उतरलो. वळण संपलं आणि खाली हिरवंगार तळं दिसलं. मला उगाचच गावंसं वाटलं, आणि मी गायलेही.

सभागृहाच्या दारावर कार्यक्रमाचा कागद लावला होता. अकरावं नाव: फिलोमेना आणि उर्सिना. माझं, ऑटीचं, नाव कुठेच नव्हतं. उर्सिना म्हणजे जवळच्या मायरिंगेन गावातली तरुण शिक्षिका. तीही व्हायोलिन वाजवते.

"फिलो, नाव चुकलंय बघ. आत सांगून येऊ."

ती अकॉर्डियनचा पट्टा नीट करत राहिली. "चुकलं नाही, ऑटी."

"म्हणजे?"

"तू तालात मागे पडतेस. दोन वर्षं मी सांभाळून घेतेय. तुला डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही, आणि तू ते मान्य करत नाहीस."

"मी सकाळी डिकीत व्हायोलिन ठेवत होते, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस."

"तेव्हा सांगितलं असतं, तर तू आली असतीस?"

"आणि तुला घाट कोणी ओलांडून दिला असता, तेच ना?"

ती अकॉर्डियन उचलून आत गेली.

मी शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. माझी मुलगी झाली तेव्हा मी बसवलेली पोल्का, नाचाची धून, त्यांनी वाजवली. छान वाजवली, आमच्यापेक्षा चपळ. लोकांनी ठेका धरला. माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

नंतर तिची पिशवी आणि कोट मी दारापाशी बाकावर ठेवला. "स्टेशन समोरच आहे," तिला म्हटलं, आणि एकटी निघाले. खिंडीपर्यंत मी रडले नाही. तिथे धुकं होतं, गाडी हळू न्यावी लागली, तेव्हा रडले.

पुढच्या महिन्यात कान तपासून घेतला. डावा खरंच अधू झालाय. ती बोलली त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलली असती, तर मी तिला शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग उर्सिनाला मीच ती पोल्का शिकवली असती.

आता बेकरीत भेटलो की ती "कशी आहेस?" विचारते. मी "बरी" म्हणते आणि पाव घेऊन निघते.