दात काढणाऱ्या बाई

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची आहे. कारखान्यातून आले तेव्हा इतकी तुकतुकीत होते, की पाहणारा म्हणे, "वा, काय ऐट!" बसणारा मात्र म्हणे, "अरे देवा!" आता माझ्या हातांवरचं रेक्झिन फाटलंय. तो भ्यालेल्या माणसांच्या नखांचा प्रताप आहे.

आमचे डॉक्टर मनाचे फार चांगले. पण माणूस हसला की मजेत, रडला की दुखतंय, एवढंच त्यांना कळे.

एकदा एक बाई अक्कलदाढ काढून घ्यायला आल्या. सोबतचा थोरला भाऊ बाहेर बाकावर बसला. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबून पक्कड उचलली, आणि बाई खुदकन हसल्या.

"वा! पेशंट असावा तर असा!" डॉक्टर म्हणाले. बाई आणखी हसल्या. डॉक्टरही हसले.

इकडे बाईंची नखं माझ्यात रुतत होती. टाचा गादीत घुसल्या होत्या. पक्कड दाढेला लागली आणि त्यांचं अंग असं ताठलं, की मला कळलं, भूल चढलेलीच नाही! हसण्यापुढे त्यांना शब्द फुटत नव्हता. मी जीव तोडून करकरले.

"हिला तेल घालायला हवं," डॉक्टर पुटपुटले आणि त्यांनी पक्कड आवळली. माझा जीव टांगणीला लागला.

बाहेर भाऊ नर्सला सांगत होता, "ऐकलंत? दात काढायला आलीय, आणि आत नुसती दात काढतेय!" बोलता बोलता तो एकदम उठला. मग दार धाडकन उघडलं.

"डॉक्टर, थांबा! हात काढा आधी!"

"अहो, त्या मजेत आहेत."

"मजेत कसली, घाबरलीय ती! आई गेली तेव्हाही ही अशीच हसत होती. सगळ्यांनी नावं ठेवली तिला. मीसुद्धा."

पक्कड खाली आली. हसू थांबलं आणि बाई हमसाहमशी रडू लागल्या. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माफी मागितली, पुन्हा भूल दिली, नीट बधिर झाल्याची खात्री केली. दाढ निघेपर्यंत भाऊ बहिणीचा हात धरून उभा होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या सामानाची काळजी घ्या, पण माणसांची आधी घ्या. कुणी हसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. जवळ जाऊन विचारा.

उठताना, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, बाई भावाला म्हणाल्या, "दादा, आई गेली तेव्हा मी रडतच होते रे."