दसऱ्याआधीचं आधण

बाळासोनं कुऱ्हाड उचलली तेव्हा गुऱ्हाळाच्या काहिलीतला उसाचा रस नुकताच उकळायला लागला होता.

पहिला घाव मोटारीच्या वायरीवर बसला. ठिणगी उडाली, घाणा घरघरत थांबला आणि अर्धवट पिळलेला ऊस त्याच्या दातांत तसाच अडकून राहिला. घाण्यावर ऊस लावणारा विजयसिंह दचकून मागं सरला.

"आण्णा, इझवा ती चूल," बाळासो म्हणाला. "लई झाला तमाशा."

गणपतराव काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारत होते. ते उठले नाहीत.

"तमाशा तू घिऊन आलाईस. पावणं बी आणलाईस न्हवं? बसीव त्यास्नी. रस दितो."

आलेले पाच जण होते. पुढं सम्राट, रस्त्याच्या ठेकेदारासाठी गावोगाव फिरून लोकांच्या संमतीच्या सह्या गोळा करणारा. मागं चार पोरं, दोघांच्या हातात लोखंडी पाइप. शेताकडं येणाऱ्या पाणंदीच्या तोंडाला जेसीबी उभा होता. त्याचं इंजिन चालूच होतं.

"आण्णा, तुमचा रस उन्हाळ्यात पिऊ की," सम्राट हसत म्हणाला. "आता अकराला साहेब यायच्या आत एवढं धुराडं पाडून घिऊया. उगं वाढवू नकासा."

कोडोलीच्या अलीकडून जाणाऱ्या नव्या बाह्यवळण रस्त्यात गणपतराव आणि बाळासो या दोघा भावांचा सामाईक जमिनीचा गट जात होता. त्याच गटात त्यांच्या वडिलांनी बांधलेलं गुऱ्हाळ होतं. जमीन जाणार हे गणपतरावांनी कधीच मान्य केलं होतं. रस्त्यापलीकडं माळावर त्यांचा एक तुकडा उरत होता. गुऱ्हाळाची भरपाई मिळाली की तिथं नवं चुलवाण बांधायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. ना सरपंचकी, ना सोसायटी, ना कधी कोर्टाची पायरी. ऊस लावायचा आणि गूळ करायचा.

पण मोजणी मे महिन्यात झाली, आणि मे महिन्यात त्यांचं गुऱ्हाळ कुणालाच दिसत नसे.

हंगाम संपला की ते बंद करायची घरची एक रीत होती. शेवटचं आधण, म्हणजे काहीलभर रसाचा शेवटचा गूळ, उतरलं की चुलवाणात नारळ फोडायचा, त्या आधणातला मूठभर गूळ आत ठेवायचा, वर पत्रे टाकून माती सारायची आणि शेणानं सारवून घ्यायचं. घाण्याची मोटार चोरांच्या भीतीनं घरी न्यायची. काहील उचलून कुडाला लागून पालथी घालायची आणि तिच्यावर पाला टाकायचा. तिला चार कड्या होत्या, म्हणून चार माणसं लागत. गणपतराव, त्यांचा मुलगा विजयसिंह, गूळ शिजवणारा गुळव्या आकाराम आणि चौथा बाळासो. बाळासोचं शहरात, राजारामपुरीत मोबाइलचं दुकान होतं. शेतात तो वर्षातून दोनदाच यायचा, काहील पालथी घालायला आणि दसऱ्याला ती उलटायला. धुराड्याकडची कडी त्याची.

एकदा बंद केलेलं चुलवाण दसऱ्याआधी उघडायचं नाही. उघडलं तर काहील फुटते, असं त्यांचे वडील सांगत.

मोजणीच्या दिवशी गणपतराव चंदगडला लेकीकडं गेले होते. मोजणीवाल्यांना एक शेड दिसलं आणि मातीचा एक उंचवटा. काठी खुपसली तर आत पोकळ लागलं. त्यांनी लिहिलं, पडीक शेड व एक खड्डा. मालक म्हणून बाळासोनं खाली सही केली.

"तू ह्या वर्षी कडी धरली न्हाईस?" गणपतरावांनी त्याला नंतर विचारलं होतं. "तुला ठावं न्हवतं त्यो खड्डा कसला त्ये?"

"ते म्हणालं खड्डा, मी म्हटलं आसंल. उन्हात किती वेळ उभं ऱ्हायचं? आणि आण्णा, खड्ड्याचं किती आणि चुलवाणाचं किती, फरक कितीसा पडणार हाय? दुकानाचा गाळा मालक विकायलाय. मी न्हाय घेतला तर दुसरा घेणार. संमती दिली की पंचवीस टक्के जादा मिळत्यात, झटक्यात. तुमी हरकत घातली की माझं बी अडकतंय."

गणपतरावांनी हरकत घातलीच. श्रावणात एक अभियंता पाहणीला आला. तरुण होता, रीतसर बोलत होता. म्हणाला, माती काढा, चुलवाण दाखवा, मी लगेच लिहून घेतो.

"दसऱ्याला या साहेब," गणपतराव म्हणाले. "दाखवतो. आदी उघडत न्हाय आमी."

"आजोबा, मला आज बघायला सांगितलंय."

"मग आज च्या घ्या. दसऱ्याला गूळ घिऊन जावा."

अभियंत्यानं चहा घेतला आणि 'पाहण्यास काही आढळले नाही' असं लिहून तो गेला. विजयसिंहनं त्या दिवशी बापाशी बोलणं सोडलं. गणपतरावांना आपलं काय चुकलं ते कळायला आठवडा लागला. मग ते भूसंपादनाच्या कार्यालयात चार खेपा घालून आले. शेवटी साहेब म्हणाले, एकदाच येतो. चालू असेल तर चालू दाखवा.

साहेबांनी दिलेली तारीख पितृपंधरवड्यात पडली.

"पक्षात कुणी जाळ घालतंय?" चिमणाबाई नवऱ्याला म्हणाली. "सासऱ्याचं पान वाढायचं सोडून त्यांचंच चुलवाण उकराय निघालासा."

"त्यांचंच वाचवायलोय."

"आणि ऊस कुठला? गोडी भरली न्हाय अजून. गूळ धरणार न्हाय त्यो."

"गूळ कुणाला पायजे? धूर दिसला पायजे."

त्यांनी स्वतःच्या हातानं माती काढली. आतला मूठभर गूळ मुंग्यांनी पोखरला होता. तो त्यांनी टोपीत घेऊन बांधावर ठेवला. काहील उलटायला बाळासोला बोलावणं धाडलं, तो आला नाही. चौथ्या कडीला शेजारचा गडी लावला.

आणि आता बाळासो आला होता.

आकाराम काहिलीवर वाकून रसावर आलेली मळी काढत होता. सम्राटनं खूण केली तसं एका पोरानं त्याच्या हाताला धरून त्याला मागं ओढलं. आकाराम त्याच्या आईवरून काहीतरी बोलला. दुसऱ्या पोरानं पाइप फिरवला. आवाज फारसा झाला नाही. आकाराम गुडघ्यावर बसला, मग कुशीवर पडला. कानामागून रक्त आलं आणि खाली काढून टाकलेल्या मळीच्या फेसात मिसळलं.

विजयसिंह धावला. त्यानं सम्राटची कॉलर धरून त्याला कुडावर आपटलं. लगेच तिघं त्याच्यावर पडले. एकानं पोटात गुडघा घातला. खाली पडल्यावर बरगडीत लाथा बसायला लागल्या. सम्राट शर्ट झटकत उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "बाळासो, काहील फोड. काहील ऱ्हायली न्हाय की दाखवायला काय बी ऱ्हात न्हाय."

बाळासोनं भावाकडं बघितलं. मग तो धुराड्याच्या बाजूला, आपल्या कडीपाशी गेला, आणि काहिलीच्या कडेवर त्यानं घाव घातला. पत्रा चेपला. रस हिंदकळून जाळावर सांडला आणि पांढरी वाफ उठली.

"बाळ्या," गणपतराव म्हणाले. ते आता उभे होते.

दुसरा घाव घालायला कुऱ्हाड वर गेली. आकारामच्या हातून पडलेलं लांब दांड्याचं ओगराळं गणपतरावांनी उचललं, काहिलीत बुडवलं आणि फेकलं.

उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटतो. बाळासोच्या उजव्या हातावर, खांद्यावर आणि मानेच्या एका बाजूला तो चिकटला. कुऱ्हाड खाली पडली. बाळासो ओरडला नाही. आधी त्यानं डाव्या हातानं रस पुसायला बघितलं, आणि रसाबरोबर कातडी निघाली. मग तो ओरडला.

पोरं थांबली. सम्राट आधी पळाला. पाठोपाठ ती. जेसीबीवाला उतरून बघत उभा होता. तो परत चढला आणि मशीन मागं मागं घेत निघून गेला.

गणपतरावांनी ओगराळं दुसऱ्यांदा भरलेलं होतं. ते हातात धरून ते तसेच उभे राहिले. मग तो रस त्यांनी सावकाश काहिलीत ओतला आणि भरलेली घागर उचलून भावाच्या अंगावर उपडी केली.

अकराला साहेबांची गाडी पाणंदीच्या तोंडाशी आली. काच खाली झाली. साहेबांना धूर दिसला, रक्तानं माखलेला एक माणूस दिसला आणि एक माणूस चिखलात लोळताना दिसला. त्यांनी पोलिसांना फोन लावला आणि गाडी वळवली. परिस्थिती तणावपूर्ण असल्यानं पाहणी होऊ शकली नाही, असं त्यांनी वर कळवलं.

चुलवाणातला जाळ काढायला कुणी उरलं नव्हतं. रस आटला, करपला आणि काहिलीच्या तळाला काळा दगड होऊन बसला. करपल्याचा वास गावापर्यंत गेला.

संध्याकाळी ठाण्यात हवालदारानं गणपतरावांना खुर्ची दिली. विजयसिंह बरगड्या धरून दाराशी टेकला होता.

"नशीब काढलंय आण्णा तुम्ही," हवालदार म्हणाला. "भावानं दवाखान्यात जबाब दिलाय. घरी आंघोळीचं पाणी अंगावर सांडलं म्हणतोय. तुमच्या गुळव्याला सहा टाके पडलेत. तो म्हणतोय, घाण्याला आपटलो. तक्रार कुणाचीच न्हाय. तुम्ही पण घरातच होतो म्हणा, अंगठा न्हाय तर सही करा आणि जावा जेवायला."

"बाळासोला कुणी शिकीवलं ह्ये?"

"सम्राट बसलाय की त्याच्या उशाला. त्याला गुऱ्हाळाचं नावच नको झालंय कागदावर. पण तुमचं काय जातंय? भाऊ वाचवायलाय, गुळव्या वाचवायलाय. वाचा की."

गणपतरावांनी आपल्या तळहाताकडं बघितलं. ओगराळ्याच्या दांड्यावरून तिथं चिकटलेला रस वाळून ताठ झाला होता.

"पाणी न्हवतं," ते म्हणाले.

"आँ?"

"पाणी न्हवतं सायेब. रस हुता."

"आण्णा, गप बसा," विजयसिंह दारातून म्हणाला.

"उसाचा रस. चालू काहिलीतला. माझ्या गुऱ्हाळावर, माझ्या चुलवाणावर उकळत हुता. मी ओगराळं भरून भावाच्या अंगावर टाकला. लिवा."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "टाकला म्हणालासा तर आज रात्री घरी जाणार न्हाईसा. उद्याबी न्हाय. कळतंय का?"

"कळतंय. आदी जागा लिवा. गुऱ्हाळ म्हणून लिवा. चालू हुतं म्हणून लिवा. खड्डा लिवू नगा."

"आवो, एका चुलवाणापायी भाऊ भाजलासा. आता सवता भाजून घेतासा?"

"भाजला त्यो मी भाजला," गणपतराव म्हणाले. "त्याची कातडी माझ्या डोळ्यांदेखत निघाली. त्ये आंघुळीच्या पाण्यावर घालू? लिवा म्हणतोय न्हवं."

विजयसिंह बाहेर गेला.

हवालदारानं लिहायला घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलिस जागेवर गेले. शेड, चुलवाण, धुराडं, वायर तुटलेला घाणा, कडेला चेपलेली काहील आणि तिच्या तळाचा काळा थर, सगळ्याचे फोटो निघाले. आकारामनं मग आपलाही जबाब बदलला. सम्राटसह सगळ्यांवर आणि बाळासोवरही गुन्हा दाखल झाला.

गणपतरावांना जामीन व्हायला दसरा उलटून गेला. भूसंपादनवाल्यांना आता नाही म्हणता येईना. सरकारच्याच एका खात्यानं तिथं चालू गुऱ्हाळ असल्याचं नोंदवलं होतं. नव्यानं मूल्यांकन झालं आणि चुलवाण, धुराडं, घाण्याचा ओटा सगळं धरलं गेलं. पण दोघा सामाईक मालकांत वाद, आणि तोही फौजदारी. वाटणीचा निकाल लागेपर्यंत सगळी रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडं जमा झाली. गणपतरावांना आधी गुऱ्हाळाचे पैसे मंजूर होत नव्हते, आता मिळत नव्हते. बाळासोचा गाळा दुसऱ्यानं घेतला.

दिवाळीनंतर ताबा घ्यायला माणसं आली. बंदोबस्त होता, त्याची गरज पडली नाही. धुराडं एका धक्क्यात पडलं. चुलवाणाच्या विटा आतून काचेसारख्या झाल्या होत्या, त्या फुटताना वेगळा आवाज यायचा. गणपतराव ऐकत उभे होते.

"काहील घिऊन जातो," ते जेसीबीवाल्याला म्हणाले. त्यानं इंजिन बंद केलं.

एका कडीला गणपतराव, एका कडीला विजयसिंह, एका कडीला आकाराम. तिघं वाकले आणि थांबले.

बाळासो पाणंदीच्या कडेला कधी येऊन उभा राहिला ते कुणी बघितलं नव्हतं. मानेवरची कातडी गुलाबी आणि ओढल्यासारखी दिसत होती. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती. तो पुढं आला, धुराड्याकडच्या कडीपाशी वाकला आणि त्यानं डावा हात घातला.

गणपतरावांनी त्या हाताकडं बघितलं. मग दुसऱ्या हाताकडं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्यानं व्हायचं न्हाय."

बाळासोनं हात काढून घेतला.

तिघांनी काहील उचलली नाही, ओढली. माळाच्या दिशेनं ती खरवडत गेली. भाऊ उभा होता तिथून रस्त्याच्या हद्दीच्या दगडापर्यंत, आणि दगडापलीकडंही, तिच्या चेपलेल्या कडेची एक रेघ मातीत उमटत राहिली.