चोवीस इंच

सेल लागला की माणसं वेड्यासारखी धावतात. मी शहाण्यासारखी तयारी केली, आणि वेड लागायची पाळी माझ्यावरच आली.

माझा नवरा शिंपी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. गिऱ्हाईकं त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही मास्तरच म्हणते. राग आला की जरा ठासून म्हणते. दुकानात काजं करायचं काम माझं, तेही हाताने. मशीनवरचं काज मेल्यासारखं दिसतं, तुमचं जिवंत दिसतं, असं लोक म्हणतात. मलाही ते खरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

तर माझं उजवं मनगट सुजलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला आणि बजावलं, "कपडे पिळणं आजपासून बंद. ऐकलं नाहीत तर सुई धरता येणार नाही."

घरात आम्ही तिघं. सासूबाईंना वाकता येत नाही. मास्तर म्हणायचे, "तू नको पिळूस, राहू दे." आणि कपडे खरंच राहायचे. दोन दिवस बादली तशीच पाहिली की मीच पदर खोचायची आणि डाव्या हाताने पिळायची. डाव्याने चादर पिळली जात नाही, मग उजवा आपोआप पुढे यायचा. म्हणून ठरवलं, वर्षअखेरच्या सेलमध्ये कपडे धुवायचं मशीन घ्यायचंच.

त्या दिवसापासून वही सुरू केली. दर गुरुवारी मोठ्या दुकानात जायचं, मशीनची किंमत बघायची, लिहायची. तीन महिने गेले. सेलच्या आधीच्या आठवड्यात बघते तर काय, निम्म्या मशीनच्या किमती वाढलेल्या! म्हणजे आधी वाढवायची, मग तिच्यावर काट मारायची, आणि वर आपल्यावरच उपकार. मनात म्हटलं, बाबांनो, तुम्ही शेर तर मी सव्वाशेर. खरोखर स्वस्त होणारी मशीनं वहीत दोनच निघाली, एक लहान आणि एक मोठं.

यादीत एकच वस्तू होती. सासूबाईंना मिक्सर हवा होता, मास्तरांना नवी इस्त्री. "जातोच आहोत तर..." असं दोघंही म्हणाले. दोन्ही गोष्टी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या आणि वर मथळा दिला, 'पुढच्या वर्षी'.

उरलं माप. दाराचं मी घेतलं, पण न्हाणीघरात नळाशेजारी दोन भिंतींच्या मधे जी जागा आहे, तिथे वाकून टेप धरायला मनगट तयार नव्हतं. मास्तरांच्या गळ्यात टेप जेवतानाही असते. ते आत गेले, मी बाहेर वही घेऊन बसले. बावीस वर्षं आमचं असंच चाललंय. ते माप घेतात आणि ओरडून सांगतात, मी लिहिते. एकदा घेतलेलं माप दुसऱ्यांदा घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. आतून आवाज आला, "चोवीस!"

मी लिहिलं, चोवीस.

सेलच्या दिवशी दुकानात रेटारेटी होती. विक्रेता म्हणाला, "ताई, लहान घ्या. एकवीस इंच रुंदी, कुठेही बसेल." मी वही उघडून वकिलासारखी त्याच्यापुढे धरली. लहान मशीनमध्ये मोठी चादर मावत नाही, आणि माझं सगळं दुखणं चादरीचंच होतं. मी साडेतेवीस इंची मोठं घेतलं. वर पाटी होती, सेलचा माल परत किंवा बदलून मिळणार नाही. मला काय त्याचं! मोजून घेणाऱ्याला बदलायची वेळ येतेच कशाला?

दुसऱ्या दिवशी दोन हमाल मशीन घेऊन आले. दारातून अलगद आत आलं. न्हाणीघरात गेलं आणि अडलं. त्यांनी तिरपं केलं, सरळ केलं, रेटलं. शेवटी एकजण कपाळ पुसत म्हणाला, "ताई, हे नाही जायचं."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि भिंतीला लावली.

"किती?" मी विचारलं.

"बावीस."

"मग चोवीस का ओरडलात?"

त्यांनी मान खाली घातली. "दोन इंच सैल धरलं असेल."

"भिंतीला?"

"अगं, हाताची सवय. अंगाचं माप मी कधी सांगतो का? शिवायचंच सांगतो, म्हणजे तुला बेरीज नको."

हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं. छातीचं माप चाळीस आलं की ते बेचाळीस सांगतात, मी बेचाळीस लिहिते. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! सगळ्या शहराच्या दुकानदारांवर मी नजर ठेवून होते, आणि घरातल्या मास्तरांवर डोळे मिटून विश्वास.

"कपडा असता तर उसवून दिला असता," मास्तर पुटपुटले.

"मग उसवा भिंत!"

सेलवाल्या दुकानात फोन केला, हातापाया पडले. पाटीकडे बोट दाखवावं तसं त्यांनी उत्तर दिलं. मग नळकाम करणाऱ्याला बोलावलं. त्याने भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ही फोडता यायची नाही, वरचा भार हिच्यावर आहे. पण तुमची ती कपडे घालून बघायची खोली आहे ना, तिच्या मागेच न्हाणीघर. एक भोक पाडलं की पाणी तिकडे."

"ते दुकान आहे," मास्तर ताडकन म्हणाले. "गिऱ्हाईक कपडा घालून बघणार कुठे? हंगाम संपू दे, मग बघू."

मशीन घरातल्या बोळातच राहिलं. आम्ही अंग चोरून ये-जा करू लागलो. सासूबाई त्यावर चष्मा आणि गोळ्या ठेवू लागल्या. "नाकापेक्षा मोती जड," त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी चहा दिला नाही.

नवव्या दिवशी दुपारी बोळात आले तर मशीनवर कव्हर. राखाडी कापड, कडेने गोट, चारही कोपरे नेमके, कुठे सुरकुती नाही. मास्तर बाजूला उभे, कौतुकाची वाट बघत.

"धूळ बसत होती," ते म्हणाले.

मला रडू आलं, नुसत्या संतापाने. न वापरता येणाऱ्या मशीनला अंगाबरोबर बसणारं कव्हर! मी न्हाणीघरात गेले आणि बादलीतली चादर पिळली. दोन्ही हातांनी, कचकचून.

संध्याकाळी कोटाचं काज करताना सुई तीनदा हातातून पडली. चौथ्यांदा ती जमिनीवरून उचलताच येईना. बोटं जवळ यायची आणि सुई तिथेच. मास्तर समोर शिलाई मशीनवर बसले होते. त्यांनी पाय थांबवला. उठून सुई उचलली, माझ्या हातात द्यायला गेले आणि माझी बोटं बघून ती स्वतःच्या कॉलरला टोचून ठेवली. तो कोट तसाच अर्धवट घडी करून ठेवला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सकाळी मी वही घेऊन कपडे घालून बघायच्या खोलीपाशी जाऊन उभी राहिले.

"मास्तर, टेप घ्या. आणि अंगाचं माप सांगा, शिवायचं नको."

ते आत गेले. मग म्हणाले, "साडेएकोणतीस."

"नक्की?"

"दोनदा घेतलं."

मी लिहिलं. ते पडद्याला हात लावून उभे राहिले. "आणि गिऱ्हाईक घालून कुठे बघणार?"

"घालून बघायचंच कशाला?" मी म्हटलं. "मास्तरांचं माप कधी चुकतं का?"

ते स्टूल ओढून त्यावर चढले आणि पडद्याच्या कड्या एकेक करून काढू लागले.