सारसांची बांधी

आश्विनाची केशरगौर उन्हं धानावर उतरली होती आणि आभाळ निरभ्र होतं. इतकं निरभ्र, की काळजात धस्स व्हावं. लोंबी दुधात आली आणि नेमकी तेव्हाच पावसानं पाठ फिरवली. आता तारणारं पाणी एकच, शेताच्या माथ्यावरच्या बोडीत, लहानशा तळ्यात, साठवलेलं.

रीतीप्रमाणे दासारामच्या बायकोनं, अनसूयेनं, पहाटेच बोडीची पाळ फोडली. स्वच्छशीतल पाणी झुळझुळत, खळाळत खालच्या थोरल्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरलं. वर्षाचं खाणं त्याच बांधीतून यायचं. तिला हायसं वाटलं.

सारसांचं वर्ष मात्र सारसच जाणोत. उन्हाळाभर मोठ्या तलावाकाठी थवा. मेघ दाटले की जोडी-जोडीनं पांगायचं, पाणथळीत घरटं मांडायचं. पिल्लाला पंख फुटले की पुन्हा तलाव. अनसूयेकडची जोडी दरसाल बोडीतच राही. यंदा मृग कोरडा गेला, बोडी तेव्हा आटलेली, म्हणून त्या रक्तशीर्ष, धूसरपंख दांपत्यानं थोरल्या बांधीत घर केलं. पाणी सोडण्याआधी बघायला हवं होतं. जोडी बोडीतच असेल असं तिनं गृहीत धरलं, आणि तिथंच चुकलं.

आर्त, दीर्घ हाक आली. ती धावली. मादी दोन अंड्यांवर पंख पसरून उभी. नर गवत उपटून घरट्याखाली रचत होता. पाणी चढत होतं, तो रचत होता. पाणी चढतच होतं.

तिनं फावडं उचललं. दासाराम धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, आडवा उभा राहिला.

"धुरा फोडशील तं सारा पानी नाल्यात जाईल, हिवराजची माय. बोडीत आता काही नाही," पोराच्या नावानं बायकोला हाकारत तो म्हणाला.

"धान पुढच्या वर्सी होईल. ह्यायची अंडी मी कोटून आनू?"

तो बाजूला झाला. तिनं धुरा फोडला. डोळ्यांदेखत वर्षाचा घास नाल्याला लागला, आणि ती तिथंच चिखलात बसून रडली. तिला फार वाईट वाटलं. पस्तावा मात्र झाला नाही.

त्या दिवसापासून दासारामनं अबोला धरला.

एक अंडं कुजलं, एक उमललं. मार्गशीर्षात शेजाऱ्यांच्या भरल्या लोंब्या वाकल्या. यांच्या पोचट, म्हणून ताठ. गावभर कापणी झाली. दासारामनं त्या बांधीला विळा लावला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. त्या वाळल्या धानात पिल्लू लपत होतं, एवढं तिला दिसत होतं.

माघातल्या एका धुकंधूसर सकाळी जोडी धावली, उठली. मागून पिल्लू धावलं, अडखळलं, पुन्हा धावलं, आणि भुईनं त्याला सोडलं.

"तीन," दासाराम म्हणाला.

अनसूयेनं मान वळवली नाही. ती खालीच बघत होती. ताठ उभ्या, रित्या लोंब्यांवरून तीन सावल्या तलावाकडे सरकत होत्या. दोन लांब, एक आखूड.