शून्य नसलेला ब२

ब०१
गेल्या हंगामात सी तैयबने, म्हणजे तैयबशेठने, घाण्यावर आपले ट्रक मध्येच घुसवले. नजवाच्या बापाची ऑलिव्हची पोती दारात पडून आंबली. तेल शेवटी साबणवाल्याने नेलं. बाप जाब विचारायला गेला, तर सी तैयब हसला.
"रांग उभं राहणाऱ्यांची असते, बाबा. मी कुठे उभा राहतो?"

ब०३
यंदा भांडणं नकोत म्हणून ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या त्या घाण्यावर संगणक आला. मालकाने नजवाला त्याच्यापुढे बसवलं. पूर्वेच्या फाटकातून आलेल्या मालाला ब आणि आल्या क्रमाने आकडा.
क्रम लावला, तर ब१ च्या खाली ब१०, ब११. ब२ पार मागे. अक्षराला चिकटला की आकडाही संगणकाला अक्षरच वाटतो, डावीकडून एकेक वाचत जातो. नजवाने एकेरी आकड्यांच्या आधी शून्य घातलं. ब०१, ब०२, ब०३. सगळं सरळ.
ब०२ कोण? सी तैयब.
तिने त्याचं एकट्याचं शून्य पुसलं. पुन्हा क्रम लावला.
ब२ थेट ब१९ च्या खाली.

ब१०
"ए पोरी, दहा गेला की आत! मी दोन आहे, दोन!"
"दिसतंय ना, सी तैयब. ब दोन."
"मग?"
"मशीन म्हणेल तसं. मालकांचाच हुकूम."
मालकाने चहाच्या ग्लासातून डोकंही वर काढलं नाही. "तैयब, यंदा घुसायचं नाही हं."
ओट्यावर नंबराची वाट बघणारे सगळे खदखदून हसले.

ब१९
सी तैयबची पोती आतून तापली. हात घातला की वाफ.
"लल्ला नजवा," पोरीची आता बाईसाहेब झाली होती, आवाज मऊ होता, "काहीतरी कर. घरचं वर्षाचं तेल आहे गं."
तिचं बोट शून्यावर होतं.
"माझ्या बापाचंही घरचंच होतं."
बोट तिने उचललं आणि चहा ढवळला.

ब२
तेल आलं. वास आधी आला.
ज्याचा माल, त्याने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. सी तैयबने तबूना रोटीचा तुकडा बुडवला, तोंडात टाकला. सगळे बघत होते. तो चावत राहिला.
"छान आहे," तो म्हणाला.
रोटीकडे कुणाचाच हात गेला नाही.
"गिळा ना," नजवा म्हणाली.