केळीचा चीक

सुपडूनाना दवाखान्यात शिरले ते एकाच पायात चप्पल घालून. मागून त्यांच्या बायको भिकुबाई दुसरी चप्पल हातात घेऊन आल्या.

"रस्त्यात गळून पडली, अन् यायले पत्ताच नही!" त्या हसत म्हणाल्या.

डॉक्टर लीलाधरला हसू आलं नाही. असोद्यात दवाखाना टाकून त्याला वर्षही झालं नव्हतं. नानांचा मधुमेह जुना. तळपायाला मुंग्या येतात म्हणून त्यानं ताकदीची इंजेक्शनं सुरू केली आणि थोड्याच दिवसांत मुंग्या थांबल्या. तेव्हापासून नाना गावभर त्याचं कौतुक करत होते. त्यालाही ते गोड लागत होतं.

"नाना, पायाचा अंगठा काळा कशानं झाला?"

"केळीचा चीक हाये. कापणी चालू हाये ना."

चिकाचे काळे डाग असोद्यात कोणाच्या अंगावर नव्हते?

"रॉकेलनं घासला म्या. निघतच नही," भिकुबाई म्हणाल्या.

लीलाधरनं अंगठा दाबला. नखाखालून पू आला. नाना खुशाल खिडकीबाहेर बघत होते. त्यानं त्यांना डोळे मिटायला लावले आणि सुई टोचत टोचत वर गेला.

"टोचतंय?"

"आधी टोच त खरी!"

सुई घोट्याच्या वर गेली तेव्हा कुठे नानांनी पाय आखडला.

"नाना, आत्ताच्या आत्ता जळगावला सर्जनकडे जायचं."

"मळ्यात ट्रक भरणं चालू हाये. अन् मले दुखतच नही, त कायले जाऊ? तू दे ना तुझं इंजेक्शन. मुंग्या कशा पळवल्या!"

बाकावरचे पेशंट ऐकत होते.

"मी नाही पळवल्या, नाना. नसा मेल्या, म्हणून थांबल्या. तुम्हाला तेव्हाच मोठ्या डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. मी नाही पाठवलं."

नाना त्याच्याकडे बघतच राहिले.

"उठा," भिकुबाई म्हणाल्या. "ट्रक भरतीन लोकं."

लीलाधरच्या राजदूत मोटारसायकलवर तिघं निघाले. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं: अंगठा, पाऊल, की गुडघ्यापर्यंत? पुढची बैलगाडी हलेना, तसा तो हॉर्नवरचा हात काढेना.

सर्जननं जखम उघडली. "अंगठा जाणार. पाऊल राहील का, ते उद्या सांगतो."

कात्री चालू होती. नाना टेबलावर स्वस्थ पडून तिचा आवाज ऐकत होते.

"थोडं त दुखाले पाह्यजे व्हतं रे, डॉक्टर," ते म्हणाले, आणि त्यांनी लीलाधरचं मनगट घट्ट धरलं.